उलटा डोंगर

रिसाली, भिलाई
मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुमेध,

तुझा मेलचा पत्ता मोनाने दिला. दिला म्हणजे मी काढून घेतला, तेव्हा मावसबहिणीवर चिडू नकोस. नऊ वर्षांनी लिहिते आहे ते खुशाली विचारायला नाही. काम आहे, आणि हातात पाचच दिवस आहेत.

तुझे बाबा तुझ्या बेटावर आले आहेत. प्लांटमधून निवृत्त झालेल्या अकरा जणांना घेऊन ओमप्रकाशजी गेले आहेत. मला सांगितलं गेलं ते असं: आधी मॉरिशस, मग शेजारचं एक बेट, समुद्राकाठी खुर्चीत बसायचं, पंधरा तारखेला परत. शेजारच्या बेटाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मॉरिशसच्या शेजारी काय आहे ते मला नकाशात शोधावं लागत नाही. तू रीयुनियनला आहेस हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. त्यांना ते माहीत नाही असं मी धरून चालले होते.

आज सकाळी चष्म्याच्या नंबरचा कागद हवा होता म्हणून त्यांचा खण उघडला. खाली बेटाचा नकाशा सापडला, समोच्च रेषांचा, चांगला मोठा. त्यावर लाल पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे. सालाझी गावाच्या बाजूने वर बैलांच्या खिंडीपर्यंत, आणि तिथून पलीकडे माफातच्या खोऱ्यात, ला नुवेल या वस्तीपर्यंत. वस्तीभोवती गोल. गोलाशेजारी त्यांच्या अक्षरात एकच शब्द: रविवार.

तू ला नुवेलला राहतोस हे मला मोनाने आज सांगितलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

आता नीट वाच. मार्च महिन्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. तुला कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं आहे, सपाट रस्त्यावर वाटेल तेवढं चाला, पण एका वेळी एकच जिना, आणि छातीत जड वाटलं तर जिथे असाल तिथे बसा. घरात ते हे पाळतात, कारण मी बघत असते.

माफातला मोटाररस्ता नाही. पायी जायचं, नाहीतर हेलिकॉप्टरने. खिंड साडेएकोणीसशे मीटरवर, वस्ती चौदाशेच्या जरा वर. म्हणजे पाचशे मीटरचा उतार. हा उलटा डोंगर आहे, सुमेध. आपल्याकडचा डोंगर आधी दम काढतो. नाही जमलं तर माणूस अर्ध्यातून परत फिरतो, उतार त्याला घरी आणून सोडतो. इथे आधी उतार. पावलं आपोआप पडतात, माणसाला वाटतं, जमतंय की. चढ समोर येतो तो परतताना, पाय थकल्यावर. सत्तर वर्षांच्या आजारी माणसासाठी यापेक्षा वाईट रचना मला सुचत नाही.

म्हणून तू एवढंच करायचं. रविवारी सकाळी खिंडीत येऊन थांबायचं. त्यांना खाली उतरू द्यायचं नाही. भेटायचं ते वरच भेटा, बोलायचं ते बोला, आणि त्यांना गाडीत बसवून दे.

या मेलला उत्तर पाठव. "पोचलं" एवढं लिहिलंस तरी पुरे.

गीतांजली

(आई असं लिहायला हात गेला होता. राहू दे.)


बुधवार, ८ ऑक्टोबर

सुमेध,

उत्तर नाही. मोना म्हणते, तिथे नेट कधी असतं, कधी नसतं. असेल.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. तुमचं घड्याळ आमच्या दीड तास मागे, म्हणजे मी भाजी चिरत असताना ते चहा पीत असतात. सालाझीला नेलं होतं. सांगत होते, रस्ता दरीतून जातो आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून इतके धबधबे पडतात की कंडक्टरने मोजणं सोडून दिलं. एकाला नवरीचा पदर म्हणतात म्हणे.

"गीता, पाणी असं पडते जसं कोणी वरून पांढरं सूत सोडून राहिलं. अन् गावात लाकडाची घरं, निळी-पिवळी, खिडक्यांले झालरी कापल्यासारखी नक्षी. फुलं तर विचारूच नको."

मी विचारलं, "चालायला लागलं का?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"अवो, बसच्या दारापासून धबधब्यापर्यंत. त्यात काय हुंदडलो मी?"

मग स्वतःच म्हणाले, "इथून टॅक्सी वरच्या खिंडीपर्यंत जाते म्हणे. चांगला नजारा आहे."

"तुमच्या कार्यक्रमात आहे का ती खिंड?"

"नाही. असंच ऐकलं."

माझ्यासमोर टेबलावर त्यांचा नकाशा पसरलेला होता. मी त्या लाल रेघेवर बोट ठेवून बसले होते. बोलले नाही. विचारलं असतं तर पुढे तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि या घरात तुझं नाव घ्यायचं नाही हा नियम माझाच आहे. त्यांनी तो नऊ वर्षांत एकदाही मोडला नाही.

मी म्हटलं, "मफलर वापरा." त्यांनी फोन ठेवला.

खिंडीत तू येणार आहेस की नाही ते कळव.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

सुमेध,

अजून उत्तर नाही. तू मुद्दाम देत नसशील तर ते तुझ्या वयाला शोभत नाही.

आज त्यांना ज्वालामुखी दाखवला. पहाटे निघाले, आणि वाटेत एक मोठं मैदान लागलं, नुसती काळी-तांबडी राख, गवताचं पातं नाही. त्यापुढे कड्यावरून खालचं विवर दिसतं. तुझ्या बाबांचं वर्णन असं: "हे तर आपलं भट्टीची मळी फेकायचं स्लॅग यार्ड आहे, बाप्पा! फक्त ड्यूटीवर कोणी नाही." बरोबरचे सगळे हसले म्हणे. ओमप्रकाशजींनी मागून ओरडून विचारलेलं मला ऐकू आलं, "नरहरीजी, शिफ्ट इंचार्ज कौन है यहाँ?" आणि हे म्हणाले, "छुट्टी पे गया है, नऊ साल से."

कोणाला कळलं नसेल. मला कळलं.

आता एक गोष्ट. पहिल्या पत्रात मी ती लिहिली नाही. नकाशा सापडल्यावर मी शिलाई मशीनचा खण उघडून पाहिला. बॉबिनच्या डब्याखाली जे होतं ते तिथे नाही. त्यांनी नेलं आहे.

काय ते तुला सांगायला नको, तरी लिहिते. एकदा तरी ते कागदावर यायला हवं.

रसमड्याच्या त्या कारखान्यात तू शिफ्ट इंजिनिअर होतास. देवीदास फिटर लोखंड पुढे सरकवणाऱ्या रोलर टेबलखाली काम करत होता. खाली उतरण्याआधी त्याने स्विचवर आपला लाल टॅग टांगला होता, नियमाप्रमाणे, स्वतःच्या नावाचा. तो लटकतो तोवर मशीन सुरू करायचं नाही. शिफ्ट बदलली. तू समजलास, तो घरी गेला आणि टॅग विसरला. तिथे असं रोज व्हायचं, साहेब लोक दुसऱ्याचे टॅग काढून मशीन सुरू करायचे. तू काढलास. सुरू केलंस. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

इथपर्यंत चूक होती. लहानपणापासून तू ऐकत आला होतास की ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. रमामावशीच्या लग्नात बाबा पंगतीतून उठले होते, ताटात जिलबी तशीच, कारण रेल मिलमध्ये त्यांचा टॅग स्विचवर राहिला होता आणि अख्खी लाइन त्यांच्यासाठी थांबली होती. सायकलने गेले, टॅग काढला, परत येऊन जिलबी खाल्ली. ही गोष्ट तू शंभर वेळा मागून ऐकलीस. तरी चूक माणसाकडून होते.

पण त्यानंतर चौकशी सुरू झाली आणि तू लिहून दिलंस की स्विचवर टॅग नव्हताच. देवीदासने निष्काळजीपणा केला, असंच पुढे ठरलं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी तुझी पँट धुवायला घेतली तर खिशात तो टॅग. तारेसकट.

मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हा घेऊन चौकशीवाल्यांकडे जा. तू गेला नाहीस. मी म्हटलं, हा देवीदासच्या हातात देत नाहीस तोवर या घरात तुझं नाव निघणार नाही. तू बॅग भरलीस.

आज मी जे लिहिते आहे ते मी कोणाला बोललेले नाही. टॅग टेबलावरच राहिला होता. तू गेल्यावर चौकशी अजून बारा दिवस चालली. मी ऑटो करून तो तिथे नेऊन देऊ शकत होते. मी तो मशीनच्या खणात ठेवला.

तुला घरातून काढलं म्हणून लोक मला कडक म्हणतात. लोकांना खण माहीत नाही.

आणि बाबांना खण माहीत होता. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी हात लावला नाही, कारण तो माझा होता. मीच उघडेन म्हणून थांबले. आता थांबायचं सोडलं आहे. ते तुझ्याकडे टॅग घेऊन येत आहेत, सुमेध. हे आता सहलीचं राहिलेलं नाही. म्हणूनच ते खाली उतरणार, मी काहीही म्हटलं तरी.

खिंडीत ये.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

सुमेध,

आज दुपारी मोनाशी बोलले. तिला मी सगळं सांगितलं नाही, पण ती घाबरली. तिने मला तुझा एक फोटो पाठवला, दोन वर्षांपूर्वीचा. तू पत्र्याच्या खोलीसमोर उभा आहेस, मागे कडा आभाळापर्यंत गेला आहे, दाढी वाढवली आहेस ती बरी दिसत नाही. मोना म्हणाली, तू तिथल्या वस्तीची सोलर पॅनेलं आणि बॅटऱ्या सांभाळतोस. मी फोटो मोठा करून पाहिला. तुझ्या खांद्यामागे स्विचबोर्ड आहे. त्यावर लाल टॅग टांगलेला आहे. देवनागरीत लिहिलंय: सुमेध.

तिथे देवनागरी वाचणारं कोणी नाही. तो टॅग तू कोणासाठी लावतोस?

हे विचारायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

माफातबद्दल मी वाचलं. मालकांकडून पळालेल्या गुलामांनी ती वस्ती केली, कारण त्या खोऱ्यात कोणी शोधायला उतरत नसे. तू जागा बरोबर निवडलीस.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आज माइदोच्या कड्यावर नेलं होतं. सगळं माफात वरून दिसतं म्हणे. बसमधले बाकीचे फोटो काढत होते. "ढग खालून वर येऊन राहिले होते," ते म्हणाले, "दुधावर साय धरावी तसे. मधून मधून फाटत. फाटले का खाली घरं दिसत. पत्रे चमकत. इतकी लहान का मले वाटलं, वर बसून कोणी बुद्धिबळ मांडला."

मग थांबले. दम लागला नव्हता, थांबले होते.

मी म्हटलं, "रविवारी खाली उतरू नका."

पलीकडे ओमप्रकाशजींचा टीव्ही चालू होता.

"नकाशा मी पाहिला," मी म्हटलं. "आणि मशीनचा खणही पाहिला. मी सुमेधला मेल केले आहेत. त्याला वर बोलावलं आहे. तो खिंडीत येईल. तुम्ही तिथेच थांबा."

त्यांनी टीव्ही बंद करायला लावला. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, "गीता, तू नाव घेतलं."

"मुद्दा तो नाही."

"माझ्यासाठी तोच आहे. नऊ वर्षं घरात कोणी सुमेध म्हणलं नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून म्हणत होतो. हसू नको."

मी हसत नव्हते.

"उत्तर आलं का त्याचं?"

"नाही."

"मंग तो खिंडीत येणार हे कोणी सांगितलं?"

मी नकाशाची घडी घातली.

"आला तर वरच भेटीन," ते म्हणाले. "नाही आला तर उतरीन. तू मले थांबवू नको, अन् खोटं बोलायलेही लावू नको."

"परत चढताना काय करणार?"

"ते तवाचं तवा पाहू."

चौतीस वर्षं रेल मिलमध्ये ज्या माणसाने पुढच्या शिफ्टचं काम कधी "तवाचं तवा" वर सोडलं नाही, तो हे बोलतो आहे. मी फोन ठेवून मैनाबाईला उगाच रागावले. तिने भांडी न विसळता ठेवली होती, पण रागवण्याइतकं नव्हतं.

सुमेध, हे मेल तू वाचत असशील आणि उत्तर देत नसशील, तर तो राग माझ्यावर काढ. मी आहे इथे, रिसालीत, कुठेही जात नाही. त्यांच्यावर काढू नकोस.


रविवार, १२ ऑक्टोबर
दुपारी साडेतीन

सुमेध,

काल लिहिलं नाही. काल दिवसभर फोन हातात घेऊन बसले. तुझं काही आलं नाही.

आज सकाळी आठ वाजता त्यांचा मेसेज आला: "खिंडीत आहो. थंडी आहे. कोणी नाही. उतरतो. गोळ्या खिशात आहेत." मी लगेच फोन लावला. लागला नाही. तेव्हापासून लागत नाही.

कोणी नाही, असं त्यांनी लिहिलं.

मी दोन वेळा देवघरासमोर जाऊन उभी राहिले आणि परत आले. मागायचं कोणत्या तोंडाने? मग साडी बदलली, ऑटो केली आणि कोहक्याला गेले.

देवीदासचा पत्ता मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. दोन वेळा अर्ध्या वाटेतून ऑटो वळवली होती. आज नाही वळवली. मला वाटलं, ते तिकडे उतरत आहेत तर मी इथे खुर्चीवर का बसावं.

घर लहान आहे, दारात पंखे आणि मिक्सर उघडून ठेवलेले. तो दुरुस्तीची कामं करतो. मी गेले तेव्हा खाली बसून पायाच्या अंगठ्यात तार धरली होती आणि डाव्या हाताने तिच्यावरचं रबर सोलत होता. बायको शेवंता आतून आली.

"कोण पायजे?"

मी नाव सांगितलं. ती मला ओळखत नव्हती. त्याने मान वर केली.

"त्या साहेबाची आई," तो तिला म्हणाला. मग मला, "बसा. खुर्ची पुसून दे वो शेवंता, ग्रीस लागीन त्यांच्या साडीले."

मी बसले नाही. बसून सांगण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं. टॅग तू काढलास, हे. तो खिशात सापडला, हे. आणि नऊ वर्षं मी तो मशीनच्या खणात ठेवला, हेही. वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं, मला दुसरी रीत येत नाही.

देवीदास तार सोलायचा थांबला नाही. म्हणाला, "मले तर माहीतच होतं, बाई. म्याच टांगला होता ना."

बोलली ती शेवंता. ती भिंतीला टेकून उभी होती, हळूहळू खाली बसली.

"म्हणजे होता टॅग?"

"होता," मी म्हटलं.

"हा म्हणे, मी लावला होता. रोज म्हणे. मी म्हणलं, पिऊन असशील तू. त्या दिवशी पोळा होता, मले वाटलं पिऊन गेला कामावर, अन् लपवून राहिला. साहेब लोक कागदावर खोटं कावून लिहितील?" तिने पदर तोंडाला लावला. "नऊ वर्षं याले मी टोमणे मारले. पोरीच्या सोयरिकीत पाहुण्याइसमोर बी म्हणलं."

देवीदास म्हणाला, "आता नवा टोमणा शोध. हा तर जुना झाला."

ती हसली नाही. तो मात्र हसला, आणि मग त्याने तार खाली ठेवली आणि तोंड पलीकडे वळवलं.

थोड्या वेळाने शेवंताने मला विचारलं, "कुठं आहे तो टॅग? मले पाहू द्या."

इथे मी अडकले. टॅग माझ्याकडे नव्हता. तो एका बेटावर, एका खोऱ्याच्या तळाशी, एका आजारी माणसाच्या खिशात होता. मी तसंच सांगितलं. नवरा कुठे उतरला आहे, का उतरला आहे, तब्येत कशी आहे, सगळं बोलून गेले. नऊ वर्षांत ज्यांच्या दारात पाऊल ठेवलं नाही त्यांच्यासमोर.

देवीदासने विचारलं, "चढ केवढा?"

"पाचशे मीटर."

त्याने मनाशी हिशोब केला. "आपल्या प्लांटच्या चिमण्या चार-पाच एकावर एक." मग म्हणाला, "तुमचे साहेब हळू चालणारा माणूस आहे. मी पाहिलं त्याइले दवाखान्यात. ते आले होते."

मला हे माहीत नव्हतं. तुझे बाबा त्या वेळी देवीदासला भेटून आले होते.

"काय म्हणाले?"

"काईच नाही. बसले. संत्रं सोलून दिलं मले. एका हातानं सोलता येत नाही ना."

निघताना मी म्हटलं, मी सगळं लिहून सही करून देते, जिथे द्यायचं तिथे द्या. तो म्हणाला, लिहा, घेतो. पण शेवंता दारापर्यंत आली. "कागद नको मले," ती म्हणाली. "एका कागदानंच घात केला. तुमच्या पोराले पाठवा. त्यानं माझ्यासमोर सांगावं. पोरीसमोर सांगावं."

मी हो म्हणाले. तुझ्या वतीने हो म्हणण्याचा मला काय हक्क आहे ते मला माहीत नाही, पण म्हणाले.

साडेतीन वाजले. तुमच्याकडे दोन. अजून फोन लागत नाही. संध्याकाळी अंधार पडतो तिथे किती वाजता, ते मी पाहून ठेवलं आहे: साडेसहाच्या आत.

ओमप्रकाशजींना फोन केला. ते म्हणाले, "भाभीजी, हमको तो बोले कि चर्च देखने जा रहे हैं." चर्च!

उत्तर दे, सुमेध. तुला जे म्हणायचं ते म्हण. नुसतं एक अक्षर पाठव.


सोमवार, १३ ऑक्टोबर

चि. सुमेध,

सकाळी पावणेनऊला तुझा मेल आला. चार ओळी. मी त्या किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही.

"आई, मेल आत्ता उघडले, सगळे एकदम. बॅटऱ्यांचं काम चालू होतं म्हणून मी गुरुवारपासून शटडाउन घेतला होता, सगळ्या वस्तीची वीज बंद होती. बाबा काल दुपारी आले. रात्री नीट झोपले. उन्हं चढायच्या आत निघतो, मी सोबत आहे."

मंगळवारी आणि बुधवारी काय करत होतास ते मी विचारणार आहे, पण आज नाही.

त्यानंतर पावणेनऊपासून तीनपर्यंत काही नाही. त्या वेळात मी काय केलं? निवेदन लिहिलं. दोन पानं झाली. माझं नाव, पत्ता, तारीख, टॅग कधी सापडला, कुठे ठेवला, किती वर्षं. पहिल्यांदा लिहिलं त्यात "भीतीपोटी" असा शब्द होता, तो काढला. भीती नव्हती. तू अडकशील हे मला नको होतं, आणि आपण वाईट दिसू हेही नको होतं. तसं लिहिलं. सही केली.

तीन वाजता बाबांचा फोन आला. खिंडीतून.

पहिलं वाक्य: "जिता आहो."

मी म्हटलं, "आवाजावरून कळलं."

"साडेपाच तास लागले. शंभर पावलं चालायचं, मंग बसायचं. तुझा पोरगा घड्याळ धरून बसवे मले, डॉक्टर असल्यासारखा. वाटेत एक वन आहे, झाडं सगळी वाकलेली, अंगावर शेवाळ, जसे म्हातारे उन्हाले बसले. मी म्हणलं, मी यायच्यातच बसतो. तर ओरडला माझ्यावर." मग म्हणाले, "अन् शेवटच्या चढाले छाती भरून आली. तवा त्यानं मले पाठीवर घेतलं. सत्तर वर्षाच्या माणसाले, गीता. लोक पाहून राहिले होते. मले लाज वाटली, पण उतरलो नाही."

मी म्हटलं, सरळ दवाखान्यात जा. तू तिथेच नेतो आहेस असं कळलं. बरोबर.

मग मी विचारलं, टॅग दिल्यावर काय म्हणाला. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहून ठेवते. तू विसरशील म्हणून नाही, मला विसरायचं नाही म्हणून. तू तुझ्या बॅटऱ्यांच्या खोलीत काम करत होतास. ते दारात उभे राहिले. तू उठलास. त्यांनी खिशातून टॅग काढून तुझ्या बाकावर ठेवला. तू तो ओळखलास आणि पहिलं विचारलंस, "आईनं दिला?"

आणि ते म्हणाले, "नाही. टॅग म्या घेऊन आलो. तिनं तुझं नाव घेतलं."

मग तुम्ही दोघं त्या बॅटरीच्या कामाला लागलात, त्यांनी पाना धरला, आणि काम संपल्यावर तू तुझा टॅग काढलास. वस्तीत दिवे लागले. तुझ्या बाबांना या सगळ्या बेटावर सर्वांत चांगलं काय वाटलं असं मी विचारलं तर त्यांनी हेच सांगितलं. धबधबे, विवर, माइदोचे ढग, सगळं मागे पडलं.

त्यांच्या विमानात जागा नाही, तू अठरा तारखेला रायपूरला उतरतो आहेस, असं ते म्हणाले. ठीक.

आता सूचना. विमानतळावर मी येणार नाही. घरीही नसेन. तू बॅग घेऊन सरळ कोहक्याला ये. पत्ता वेगळ्या मेलने पाठवते, ऑटोवाल्याला पंखे दुरुस्तीवाला देवीदास विचार, तो आणून सोडेल. मी सकाळपासून तिथे शेवंताजवळ बसलेली असेन. माझं निवेदन मी त्यांना आधीच वाचून दाखवलेलं असेल, म्हणजे तुला सुरुवात करायला लागणार नाही. पुढचं तू सांगायचंस. शेवंतासमोर, मुलीसमोर. ते काय म्हणतील मला माहीत नाही. पोलिसात जायचं म्हणाले तर आपण जाऊ, दोघंही. जेवायला थांबा म्हणाले तर थांबायचं.

दाढी ठेव किंवा काढ.

आणि टॅग माझ्याकडे देऊ नकोस, बाबांकडेही नाही. तुझ्या खिशात आण. ज्याचा आहे त्याच्या हातात दे. त्याच्या डाव्या हातात. सवयीने उजव्याकडे हात पुढे करू नकोस.

आई